बिननंबरचा फोन

लाँड्रीत चादरीला इस्त्री करायला दोन बायका लागतात. घरातल्या चादरीची गोष्ट वेगळी. इथे येतात त्या हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, ट्रॉल्या भरभरून. एकीने एक कड धरायची, दुसरीने दुसरी, दोघींनी मिळून झटका द्यायचा आणि एकाच दमात ती तापल्या रोलरच्या तोंडाशी लावायची. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते, तिरकी गेली की गोळा होऊन अडकते, आणि अडकली की सुपरवायझर बाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो. ताईचा हात कधी मागे राहत नसे. तिच्या जोडीला काम मिळावं म्हणून बायका आपसांत भांडायच्या.

ताई म्हणजे सगळ्यांचीच ताई. तिच्याहून मोठ्या बायकाही तिला ताईच म्हणत, कारण तिचा धाकटा भाऊ शाळेत असताना रोज दुपारी लाँड्रीच्या फाटकाशी येऊन "ताई, भूक लागली" म्हणून गळा काढायचा. आई गेलेली. बापाने दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटलेला. मग भूक लागल्यावर पोराने हाक तरी कुणाला मारायची? शाळेच्या पटावर त्याला चांगलं भारदस्त नाव होतं, पण अंगाने पहिल्यापासून काटकुळा, म्हणून सगळे बारक्याच म्हणायचे. आता तो विशीत आला होता तरी बारक्याच राहिला होता.

शाळा सुटली तसा तो एका शीतगोदामात माल उतरवायला लागला. हाडं गोठवणाऱ्या थंडीत स्वतःच्या वजनाची खोकी उचलायची. वर्षभरात कंबर धरली. डॉक्टरकडे जायचं तर अर्धा दिवस बुडतो, आणि अर्धा दिवस बुडवणाऱ्याला तिथे दुसऱ्या दिवशी दारात उभं करत नाहीत. तेव्हा बरोबरच्या एका हमालाने त्याला मामाची गोळी दिली. हा मामा कुणाचाच मामा नव्हता. ताईच्याच घरामागच्या गल्लीत त्याचं टायर-पंक्चरचं दुकान होतं आणि टायरपेक्षा गोळ्या जास्त खपायच्या. आलेल्या प्रत्येक पोराला तो आधी विचारायचा, जेवलास का? गोळीने कंबर थांबली. मग गोळी नसली की कंबर, पुढे गोळी नसली की झोप नाही, त्याच्याही पुढे गोळी नसली की छातीत धडधड, हातपाय गार आणि आता मरतो की काय असा धसका. कंबर राहिली बाजूला आणि गोळीच मागे लागली. काम सुटलं. कामाबरोबर कामगारांच्या खोलीतली पथारीही गेली, आणि एक दिवस तो पिशवी घेऊन ताईच्या दारात उभा राहिला.

ताईची खोली एकच, तिसऱ्या मजल्यावर. खोलीत खाट एकच. नवरा एका कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळीचा वॉचमन. रात्री खाटेवर ताई झोपायची, सकाळी ती कामाला गेली की नवरा येऊन तिथेच आडवा व्हायचा. आमची खाट कधी गार होत नाही, असं ताई बायकांना सांगायची आणि बायका नको तो अर्थ काढून हसायच्या. खरं म्हणजे नवराबायकोची धड गाठ पडायची ती संध्याकाळी, तो कामाला निघायच्या आधी, तासभर. त्या तासात चहा, भांडण, माया, काय असेल ते उरकून घ्यायचं.

अशा घड्याळावर चाललेल्या घरात बारक्या आला. रात्री तो खाली सतरंजीवर पडायचा. झोपायचा असं म्हणवत नाही. आणि दिवसा नवऱ्याला अंधार लागायचा, शांतता लागायची, तर गोळी सोडलेल्या माणसाचे पाय जाग्यावर राहत नाहीत. बारक्या बसायचा, उठायचा, नळ सोडायचा, पाणी प्यायचा, खिडकीशी जायचा, परत बसायचा. याचा परिणाम असा की नवरा कारखान्याच्या फाटकावर डुलक्या घेताना सापडला, आणि आणखी एकदा सापडलात तर घरीच झोपा म्हणून त्याला तोंडावर सांगण्यात आलं. कुणी काही बोलायच्या आत बारक्या आपणहूनच दिवसाचा बाहेर बसायला लागला. बाहेर म्हणजे जिन्यात, वळणावरच्या पायरीवर. ताई सकाळी निघताना त्याला तिथे सोडून जायची आणि संध्याकाळी तिथूनच उचलून वर न्यायची.

नवरा वाईट नव्हता. एका संध्याकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो म्हणाला, "मी वाईट माणूस नाही गं. मला नुसती झोप येते." यावर ताई काय बोलणार? तिला स्वतःलाही येत होती.

तरुण मुलांसाठी एक केंद्र होतं. मनाचा आजार असो की व्यसन, एकाच दारातून आत जायचं. ताई बारक्याला घेऊन तिथे गेली. बाकावर बसलेल्या पोरांकडे बघून तिला वाटलं की ही सगळी एकाच गोदामातून आलीत की काय. एकाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. एक मुलगी कडेवरचं बाळ घेऊन उभ्या उभ्या पेंगत होती. आत समुपदेशक बाई होत्या. हळू आवाज, समोरच्याला मध्येच तोडायची सवय नाही. ताईला त्या आवडल्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाईंनी बारक्याला विचारलं, झोप येते का, भूक लागते का, मरून जावंसं वाटतं का, राहतोस कुठे. शेवटच्या प्रश्नावर बारक्या म्हणाला, ताईकडे. बाईंना बरं वाटलं. राहायला घर आहे, बहीण आहे, म्हणजे निम्मं काम झालं, असं त्या म्हणाल्या. राहतो कुठे ते त्यांनी विचारलं. बसतो कुठे ते विचारायचं त्यांना सुचलं नाही, आणि ताईलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

बाईंचं म्हणणं पडलं की याला काही आठवडे केंद्रातच राहून उपचार द्यावे लागतील. वरच्या मजल्यावर त्यासाठी खाटा होत्या, पण सगळ्या भरलेल्या. नंबर लागला की फोन करू. घरचं एक मोठं माणूस सही करायला सोबत हवं. मोबाइल आत चालत नाही, तो घरीच ठेवून या. तोवर तीन गोष्टी सांभाळा: जुनी मित्रमंडळी नको, दिवसा घरात राहा, आणि फोन. फोनवर त्यांचा फार जोर होता. गोळ्या विकणारे नंबर लपवून फोन करतात. स्क्रीनवर नंबर दिसला नाही की उचलायचाच नाही, नुसतं हॅलो म्हटलं तरी माणूस घसरतो. थोडे दिवस फोन बहिणीकडेच असू दे.

झालं. ताईने ते व्रतासारखं धरलं. ज्या बाईला आयुष्यात कुणी धड काही करायला सांगितलं नव्हतं, नुसतं काय करू नको तेवढंच सांगितलं होतं, तिच्या हातात अखेर एक काम आलं. बारक्याचा फोन तिच्या एप्रनच्या खिशात गेला. खिसा थरथरला की ती चादर रोलरला लावून एका हाताने फोन काढायची, बघायची. नंबर असला तर ठीक. नसला तर अंगठ्याने दाबून मारायची, ढेकूण मारावा तसा. समोरच्या बाईला सांगायची, आला मेल्याचा. सगळ्या लाँड्रीला ठाऊक झालं की ताईच्या भावाला कुणी मामा छळतोय.

एकदा दुपारी बायका बॉयलरच्या मागे डबे सोडून बसल्या होत्या आणि फोन थरथरला. नंबर नाही. त्या आठवड्यातली ही तिसरी खेप. बायकांनी पेटवलं, घे गं, एकदा ऐकव त्याला. नुसतं हॅलो म्हणू नये हे ताईला पाठ होतं. तिने हॅलो म्हटलंच नाही. फोन उचलला आणि शिव्यांची लाखोली वाहिली. त्याचं दुकान, त्याचे टायर, त्याची सात पिढ्यांची उतरंड, कुणालाही सोडलं नाही. आईविना पोराला विष चारतोस, तुझ्या हाताला किडे पडतील, परत फोन केलास तर गरम रोलरमध्ये घालून तुझी घडी करीन. पलीकडून चकार शब्द आला नाही. ताईने फोन बंद केला आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. टाळ्या ऐकून सुपरवायझर बाई आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे फोन कपाटात, कुलपात. पण ताईला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी जिन्यात बसून तिने बारक्याला सगळं हावभावांसकट करून दाखवलं आणि बारक्या हसला. दोन महिन्यांत तो पहिल्यांदा हसला होता. हसताना त्याच्या खालच्या ओठाला कंप सुटायचा, तरी हसला.

केंद्राचा फोन काही येईना. महिना संपत आला. मध्येच घरमालकाने नवऱ्याला गाठलं. खोली दोघांना दिलीय, तिसरं डोकं दिसतंय, पाहुणा असेल तर पाहुण्यासारखा जाऊ दे. महिनाअखेर ही शेवटची मुदत. नवऱ्याने ते ताईला जसंच्या तसं सांगितलं. स्वतःचं काही जोडलं नाही आणि त्यातलं काही वगळलंही नाही. दिवसभर शेकडो खाटांच्या चादरी तिच्या हाताखालून जायच्या आणि भावाला एक खाट मिळेना. हे ती स्वतः कधी बोलली नाही. असलं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून आपण बोलायचं. तिने एवढंच केलं की अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि केंद्रात गेली.

समुपदेशक बाईंनी संगणकात बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तुम्हाला नको होतं ना, असं त्यांनी हळूच विचारलं. काय नको होतं, ताईला समजेना. खाट. खाट मोकळी झाली होती. नियमाप्रमाणे तीनदा फोन केला. दोनदा कुणी कापला. तिसऱ्यांदा एका बाईने उचलला आणि, बाई जरा अडखळल्या, आणि खूप वाईट भाषा वापरली. घरच्यांची तयारी नाही अशी नोंद झाली आणि खाट पुढच्याला गेली.

पलीकडची ती शांतता ताईला आठवली. तिला वाटलं होतं मामाची बोबडी वळली.

"पण तुमचा नंबर दिसला नाही," ती म्हणाली.

"आमचा नंबर दिसतच नाही. मुद्दामच. मुलं इथे येतात हे घरी, कामावर कुणाला कळू नये म्हणून. आणि ज्याचा त्याने फोन घेतला अशी खात्री झाल्याशिवाय आम्ही केंद्राचं नावही घेत नाही."

"मग मला का सांगितलंत, उचलू नको म्हणून?"

इतक्या वर्षांत बाईंनी हे शेकडो पोरांना सांगितलं असेल. खालच्या मजल्यावर त्यांनी सांगायचं, उचलू नका, आणि वरच्या मजल्यावरून फोन ऑपरेटरने करायचा, नंबर लपवून. दोन्ही मजल्यांवरची माणसं चांगली होती. पोरांची गुपितं जपायची, पोरांना जपायचं, दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं. मध्ये फक्त एक जिना होता. बाईंचे डोळे भरून आले, आणि ताईला त्यांचा राग यायच्या ऐवजी त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. आपल्या लोकांचा हा एक दोषच आहे, समोरचा रडायला लागला की आपण आपलं रडणं खिशात घालतो.

बाईंनी जमेल ते केलं. नाव पुन्हा वरच्या बाजूला लावलं. फोनची यंत्रणा त्यांच्या हातात नव्हती, आणि स्वतःच्या फोनवरून बोलायची मनाई होती. आता कुणी मध्येच सोडून गेलं तरच खाट मोकळी होईल, ती कधीही, आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत यायचं. म्हणून आता नंबर नसलेला प्रत्येक फोन उचला, असं त्या म्हणाल्या. प्रत्येक. म्हणताना त्यांची मान खाली होती.

आता फोन ठेवायचा कुणाकडे? ताईकडे ठेवला तर तो दिवसभर कपाटात कुलपात. नवऱ्याकडे ठेवला तर तो झोपेत, आणि फोन घेत बसला तर रात्री फाटकावर पेंगणार. उरला बारक्या. ताई जिन्यात त्याच्या शेजारी बसली, फोन हातात धरून. ज्या पोराला गोळीपासून लांब ठेवायचं, त्याच्याच हातात मामाची दोरी द्यायची, आणि वर सांगायचं की वाजली की ओढ. तिने त्याला सगळं खरं खरं सांगितलं, स्वतःच्या शिव्यांसकट. बारक्याने ऐकून घेतलं.

"म्हणजे ती खाट माझी होती," तो म्हणाला.

"होती."

"बरं," असं म्हणून त्याने फोन घेतला. त्याने चिडून चार शब्द ऐकवले असते तर तिला सोपं गेलं असतं.

त्यानंतरचे दिवस ताईने कसे काढले ते तिचं तिला माहीत. रोलरला चादर लावताना तिचा हात मागे राहायला लागला. संध्याकाळी ती जिना चढायची तो वळणावरच्या पायरीवर पाय दिसतात का बघत. पाय दिसले की जिवात जीव यायचा. बारक्या रोजचा हिशोब द्यायचा. आज मामाचा आला. काय म्हणाला? कसा आहेस म्हणाला, जेवलास का म्हणाला. मग तू? बरा आहे म्हटलं. एवढंच? एवढंच. ताई त्याच्या डोळ्यांत बघायची, बाहुल्या बघायची, बाईंनी सांगितलं होतं तशा. अजून तरी ठीक होता. एकदा मात्र तो नखं खरवडत म्हणाला की मामाच्या दुकानामागे एक खाट आहे, दिवसाची रिकामीच असते, येऊन पडत जा म्हणतो. अंधार आहे, पंखा आहे, कुणी उठवणार नाही.

"गोळी घे असं म्हणाला का?" ताईने विचारलं.

"नाही. नुसतं झोप म्हणाला."

जाऊ नकोस, असं ताई म्हणू शकत होती आणि म्हणालीही. पण त्याऐवजी इथे झोप, असं पुढे म्हणायला तिच्याजवळ काय होतं? एक पायरी. तीही महिनाअखेरपर्यंत.

महिना संपायला एक दिवस उरला असताना ती कामावरून आली आणि जिन्यात पाय दिसले नाहीत. पायरी रिकामी. ती दोन दोन पायऱ्या एकदम चढून वर गेली. दार नुसतं लोटलेलं. आत नवरा नाही. खाटेवरची चादर निम्मी जमिनीवर लोळत होती, आणि नवरा तर उठल्याबरोबर चादर झटकल्याशिवाय चूळसुद्धा भरत नसे. खुंटीवर त्याचा वॉचमनचा शर्ट नव्हता. म्हणजे कामावरून लवकर बोलावणं आलं असणार. कोपऱ्यात बारक्याची पिशवी नव्हती. आणि फळीवर, घड्याळाशेजारी, बारक्याचा फोन पडला होता.

ताईने तो फोन बघितला आणि तिला सगळं कळलं. म्हणजे तिला तसं वाटलं. ताईने परत बोलवू नये, म्हणून पोरगा फोन ठेवून गेला. उद्या कुणी जा म्हणायच्या आधी आज आपणच गेला. ती खाटेच्या कडेवर बसली. तिला इतकं वाईट वाटत होतं की रडूसुद्धा येईना. गल्लीत जाऊन मामाच्या दारात उभं राहावं, पोराला कॉलर धरून ओढून आणावं, असं मनात आलं. पण ओढून आणायचं कुठे?

तेवढ्यात फोन वाजला. नंबर नव्हता.

ताईने उचलला आणि कानाला लावला. ती काही बोलली नाही. कोण आहे ते आधी कळू दे, इतकं ती आता शिकली होती.

"काय रे बाळा," पलीकडून आवाज आला, चांगला मायेचा, घरच्यासारखा. "दुपारी पिशवी घेऊन येतो म्हणालास आणि पत्ताच नाही. खाट मोकळी ठेवलीय तुझी. जेवलास का?"

हाच तो मामा. ज्याच्यासाठी जमवलेल्या शिव्या तिने नको त्या माणसावर उधळल्या होत्या, तो आता आयता कानाशी आला होता. आणि ताईच्या तोंडून एक शिवी निघेना. कारण त्याचं बोलणं हळूहळू तिच्या डोक्यात उतरत होतं. पत्ताच नाही. खाट मोकळी आहे. म्हणजे पोरगा तिथे नाही. येतो म्हणाला होता, पण गेला नाही. या फोनमुळे तिला जितका आनंद झाला तितका कुणाच्याच फोनने कधी झाला नव्हता, आणि तो आनंद कुणी द्यावा, तर या माणसाने.

"तो आता इथे राहत नाही," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग कुठे आहे, हा प्रश्न होताच. ती चपला घालून पुन्हा बाहेर पडणार तोच जिन्यात नवऱ्याचे बूट वाजले. तो वर आला तो भिंतीला हात लावत. डोळे तांबारलेले, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. आत येऊन तो खाटेवर बसला आणि म्हणाला, सोडून आलो.

झालं असं. तो गाढ झोपेत असताना दार वाजलं. बारक्या दिवसा कधी दार वाजवत नसे. पावसात भिजला तरी, ताप आला तरी. नवरा उठला तो घाबरूनच. दारात बारक्या, हातात पिशवी, तोंडावर घाम. केंद्राचा फोन आला होता. कुणीतरी अर्ध्यात सोडून गेलंय, संध्याकाळच्या आत या, मोठं माणूस आणा. बारक्या आधी लाँड्रीच्या फाटकावर गेला होता. तिथल्या शिपायाने कामाच्या वेळात निरोप आत जात नाही म्हणून हाकललं. लहानपणी त्याच फाटकाशी तो गळा काढायचा, पण आता त्याला ताई म्हणून हाक मारायची लाज वाटली. तिथून तो परत आला आणि जिन्यात बराच वेळ बसला. मग त्याने दार वाजवलं. भाऊजी, तुमची झोपमोड होते, असं आधी म्हणाला आणि मग काय ते सांगितलं. नवऱ्याने हाताला आला तो शर्ट चढवला. केंद्रात विचारलं नातं काय, तो म्हणाला मेव्हणा, आणि सही ठोकली. फोन आत चालत नाही म्हणून निघताना त्यानेच तो फळीवर ठेवला होता. हे ताईला बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भीती वाटली की माणसाला नेमकं तेवढंच आठवत नाही.

"पोरगं गुणी आहे हां," नवरा जांभई आवरत म्हणाला. "पिशवी भरूनच उभा होता. मी म्हटलं, तयारी चोख."

ती पिशवी कुठे जायला भरली होती ते ताईला माहीत होतं. मध्ये केंद्राचा फोन आला, आणि भरलेली तीच पिशवी दुसरीकडे गेली. फोन तासभर उशिरा आला असता तर? हे तिने नवऱ्याला तेव्हा सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही. तिने खाली लोळणारी चादर उचलली, झटकली, एकटीनेच दोन्ही कडा धरून नीट घातली आणि त्याला म्हणाली, तासभर पडा. मी उठवते. भांड्यांचा आवाज नको म्हणून बाहेर बसते.

तो पडला आणि लगेच घोरायला लागला. ताईने दिवा घालवला, दार ओढून घेतलं आणि जिना उतरून वळणावरच्या पायरीवर बसली. आता मात्र तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. रोज ती इथे उभी राहून बारक्याला वर चल म्हणायची, फार तर वरच्या पायरीवर टेकायची. नेमकी त्याच्या जागी ती कधी बसली नव्हती. पायरी अरुंद होती, कड मांडीला रुतायची, आणि भिंतीला पाठ टेकली की मान आपोआप उजवीकडे वळायची, तिथल्या छोट्या झरोक्याकडे. झरोक्यातून मागची गल्ली दिसत होती. गल्लीत टायरचं दुकान. दुकानाच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली एक खाट.

दिवसभर घरात राहायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. पोरगा घराच्या जिन्यात राहिला होता आणि दिवसभर हे बघत होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, इतके आठवडे, कुणाला एका शब्दाने न सांगता. खाटेवर चादर घातलेली होती, स्वच्छ, चारी कडा नीट खोचलेल्या. घालणाऱ्याने हात राखला नव्हता, हे ताईला इतक्या लांबूनही कळलं. मामा खाटेच्या कडेला बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होता.

नवऱ्याला उठवायची वेळ होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. मग डोळे पुसून वर गेली आणि चहाचं आधण ठेवलं.